तिसऱ्या गेटाच्या पलीकडं चाललं पाहिजे

सरांचा प्रोग्राम माझ्याकडं दोन रूपांत आला. एक सीडी, आणि एक कागदाचा गठ्ठा: दोन्ही कडांना भोकं असलेला, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेला. सीडीत फोर्ट्रान 77 या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला कोड, गठ्ठ्यात त्याची उत्तरं. "गठ्ठा टाकू नको," सर म्हणाले. "कोड काय, परत लिहिता येतोय. उत्तरं जपून ठेव."

सर बेळगावातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचे. आता निवृत्त आहेत, टिळकवाडीत राहतात. वाळूच्या साच्यात ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कुठल्या बाजूनं कसं थंड होतं, हे त्यांचा प्रोग्राम सांगतो. साच्याच्या उभ्या छेदाचे 200 गुणिले 200 चौकोन पाडायचे आणि दर टप्प्याला प्रत्येक चौकोनाचं तापमान काढायचं. सगळ्यात शेवटी घट्ट होणारी जागा सापडली की रायझर, म्हणजे आकसणाऱ्या जागेला वितळलेलं बीड पुरवणारा जादा साठा, कुठं ठेवायचा ते ठरतं. रायझर चुकला तर आत पोकळी राहते, ती मशीनिंग करताना उघडी पडते आणि तोवर केलेला सगळा खर्च पाण्यात. उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, फौंड्रीवाल्यांना हे तोंडपाठ असतं. त्यांना हवं असतं ते फक्त ओतायच्या आधी बघता येणं.

माझा बेत साधा होता. या कोडची पायथन या आजच्या भाषेतून वापरता येईल अशी लायब्ररी (तयार कोडचा संच) करायची, ती एका फाईलीत बांधायची, पेनड्राइव्हवर घालून न्यायची आणि फौंड्रीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसवायची. पंधरा दिवस लागतील असं मी सरांना सांगितलं. मिरगाला सुरू केलं, गणपती आले तरी चालूच होतं.

पहिलं काम गणिताचं होतं, आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. सरांनी समीकरणं सोडवायला स्वतःच्या हातानं लिहिलेली पद्धत वापरली होती. 40,000 समीकरणं, पण प्रत्येक चौकोनाचा संबंध फक्त शेजाऱ्यांशी, म्हणून मॅट्रिक्समध्ये (समीकरणांतल्या आकड्यांच्या तक्त्यात) कर्णाच्या कडेनं एक पट्टा सोडला तर बाकी सगळी शून्यं. अशा पट्ट्यासाठी लॅपॅक या मॅट्रिक्सच्या गणिताच्या लायब्ररीत तयार रुटीन (एक काम करणारा कोडचा तुकडा) आहे, डीपीबीएसव्ही. लॅपॅक 1992 सालचं आणि जुन्या फोर्ट्रानच्या शिस्तीतलं. तिथं नाव सहा अक्षरांच्या आत बसवावं लागायचं, म्हणून सगळ्या रुटीनांची नावं अशी मोटारीच्या नंबरप्लेटसारखी. डी म्हणजे दुहेरी अचूकता (जास्त दशांश स्थळं धरणारे आकडे), पीबी म्हणजे धन-निश्चित पट्टा, एसव्ही म्हणजे सोडव. एकदा कळलं की बरी वाटतात.

दर टप्प्याला साधारण 40,000 गुणिले 200 चा वर्ग, म्हणजे 160 कोटी क्रिया. बिडाचे गुणधर्म तापमानाप्रमाणं बदलतात, त्यामुळं मॅट्रिक्स दर टप्प्याला नव्यानं फोडावं लागतं. असे 500 टप्पे. लॅपॅकच्या खाली मॅट्रिक्सचे गुणाकार-बेरजा करणारं जे ब्लास असतं, खरी हमाली तेच करतं. मूळ साधं ब्लास जोडलं तर माझ्या लॅपटॉपवर एका साच्याला तेरा-चौदा मिनिटं लागायची. ओपनब्लास जोडलं तर दोनच्या आत. ओपनब्लास हे काझुशिगे गोतो यांच्या गोटोब्लासचं पुढचं रूप, 2011 पासूनचं. प्रोसेसरच्या कॅशेत, म्हणजे त्याच्या जवळच्या छोट्या स्मृतीत, किती मावतं ते बघून हातानं असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांत, लिहिलेला त्याचा गाभा. फरक पडतो तो तिथं.

एमसिस-टू या विंडोजवरच्या बांधणीच्या अवजारसंचात ओपनब्लास तयार मिळतं. ते उचललं असतं तर पुढचा अर्धा मनस्ताप झालाच नसता. खरं मला हौस. स्वतः बांधायचं होतं.

त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिनं माझे दहा दिवस खाल्ले. सरांच्या कोडमध्ये सगळी नावं दोन-दोन अक्षरांची. साच्याच्या तापमानाला टीएम. मी म्हटलं, जरा वाचता येईल असं करूया, आणि त्याचं टीमोल्ड केलं. कंपाईल झालं, एकही तक्रार नाही. प्रोग्राम चालला, आकडे आले, आलेखही सुरेख आला. गठ्ठ्याशी ताडून बघितलं तर साचा आमच्याकडं सावकाश थंड होत होता. फार नाही, चार-पाच टक्के. चूक मोठी असती तर लगेच सापडली असती. ही अशी, की नवीन लॅपॅक वापरल्यामुळं असेल असं मन म्हणतं.

मी लॅपॅकवर संशय घेतला. मग जीफोर्ट्रानवर, म्हणजे फोर्ट्रानचा कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरवर. मग, सांगायला लाज वाटते, सरांच्या गठ्ठ्यावर. शेवटी एका रात्री कोड मोठ्या अक्षरांत लावून ओळ न ओळ बोटानं मोजत बसलो. जुन्या फोर्ट्रानमध्ये ओळ 72 व्या रकान्यापर्यंतच मोजतात. पंच कार्डाचे रकाने 80, त्यातले शेवटचे आठ कार्डांचा क्रमांक लिहायला. कार्डं गेली, नियम राहिला. ज्या ओळीच्या शेवटी सरांनी वाळूसाठी 1.25 चा गुणक लावला होता, ती ओळ माझ्या तीन जादा अक्षरांमुळं 70 वरून 73 वर गेली होती. 73 व्या रकान्यातला 5 कंपायलरनं न वाचता सोडून दिला. 1.25 चं 1.2 झालं. तेही वैध, म्हणून गप्प. सगळ्या सूचना दाखव असा पर्याय दिला असता तर जीफोर्ट्राननं सांगितलं असतं. मी दिला नव्हता.

सरांना फोन केला तर हसले. "म्हणून तर दोन अक्षरी नावं ठेवत होतो रे आम्ही. तुला काय वाटलं, आळस?"

पुढं बांधणी. 2019 मध्ये मी असंच एक काम केलं होतं, तेव्हाची सेटअप फाईल होती. ती चालवली तर पायथननं ओळखच दिली नाही. 3.12 आवृत्तीपासून डिस्टयुटिल्स हे बांधणीचं जुनं अवजार पायथनमधून काढलं गेलं, आणि फोर्ट्रान बांधायचं नमपाय या गणिती लायब्ररीचं जुनं यंत्र त्यावरच उभं होतं. आता एफटूपाय, म्हणजे फोर्ट्रान पायथनला जोडणारं नमपायचं अवजार, मेसन या बांधणीच्या अवजाराच्या मदतीनं बांधतं. मेसन शिकायला दोन दिवस गेले आणि ते दिवस चांगले गेले. काय कशाला जोडायचं ते स्पष्ट लिहावं लागतं, अंदाजपंचे काही नाही. मला तरी हे जुन्यापेक्षा आवडलं.

ओपनब्लास बांधताना मात्र मेक या बांधणीच्या अवजारानं आल्या आल्या मान टाकली. कारण काय, तर फोल्डरचं नाव मी 'नवीन काम' ठेवलं होतं, मध्ये मोकळी जागा. मेकला मोकळी जागा म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. नाव बदललं, चाललं. बाहेर धो-धो पाऊस, पंखे सुरू झालेला लॅपटॉप आणि पडद्यावर शेकडो फाईलींची नावं सरकत जाताना बघणं, यात एक सुख आहे. दहा मिनिटांत संपलं. शेवटी त्यानं छापलं की तुमचा प्रोसेसर मी ओळखला, त्याच्यासाठी बांधलं. मला वाटलं, किती हुशार. त्या एका ओळीचा अर्थ मला पुढच्या महिन्यात कळला.

एका शनिवारी स्कूटर काढली आणि खानापूर रोडनं तिसरं रेल्वे गेट ओलांडून उद्यमबागेत गेलो. फौंड्रीचं ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात काचेचं खोकं. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर वाळूचा बारीक थर, कितीही पुसलं तरी. तिथले सुपरवायझर धारवाडकडचे, माझ्याशी मराठी आणि कानडी मिसळून बोलतात. पेनड्राइव्ह लावला, पायथन बसवलं, इंटरनेटकडं बघू नको असं पिपला (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या अवजाराला) सांगून फाईल बसवली. बसली. उघडायला गेलो तर उत्तर आलं: डीएलएल (प्रोग्रामला चालताना लागणारी विंडोजची कोड-फाईल) लोड होत नाही, मॉड्यूल सापडत नाही.

मॉड्यूल तर समोर होतं. फोल्डर उघडून त्यांना दाखवलं मी. "इदे अल्ला री," ते म्हणाले, हेच की हो, आणि माझ्याकडं बघत राहिले.

घरी येऊन खणलं तेव्हा उलगडा झाला. जे सापडत नाही म्हणतं ते माझं मॉड्यूल नव्हतं, त्याच्या मागची मंडळी होती. माझं मॉड्यूल ओपनब्लास मागतं, ओपनब्लास फोर्ट्रानची रनटाइम, म्हणजे चालताना लागणारी, डीएलएल मागतं, ती क्वाडमॅथ मागते, मग जीसीसीची, मग थ्रेडांची. यातला एकजण गैरहजर असला की विंडोज पहिल्याचंच नाव घेऊन रडतं, कोण हरवलं ते सांगत नाही. बरं, माझ्या लॅपटॉपवर कसं चालत होतं? तर त्या सगळ्या डीएलएल मीच कधीतरी पायथनच्या फोल्डरात कॉपी करून ठेवल्या होत्या आणि विसरलो होतो. पूर्वी पाथमध्ये (विंडोज जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) असलेल्या फोल्डरांतूनही त्या सापडायच्या. पायथन 3.8 पासून तीही वाट बंद झाली.

उपाय आहे, आणि चांगला आहे. डेल्व्हव्हील नावाचं अवजार तयार व्हील, म्हणजे पायथनवर बसवायची बांधलेली फाईल, उघडतं, कोण कुणावर अवलंबून आहे ते शोधतं आणि लागणाऱ्या सगळ्या डीएलएल त्याच फाईलीत भरतं. शिवाय प्रत्येकीच्या नावाला एक शेपूट जोडतं, अक्षरं-आकड्यांचं. ते का, हे मला आधी कळेना. नमपायच्या व्हीलमध्येही ओपनब्लास असतं. एकाच नावाच्या दोन डीएलएल एका प्रोग्राममध्ये आल्या तर विंडोज पहिलीवरच भागवून नेतं. शेपटामुळं आमची ती आमची राहते. व्हील म्हणजे तरी काय, झिप फाईलच. नावाचा शेवट बदलून उघडली की आत सगळं दिसतं. आत लायसन्सच्या फाईली घालायला विसरू नये. ओपनब्लास बीएसडी या लायसन्सखाली आहे, फोर्ट्रानची रनटाइम जीपीएल या लायसन्सखाली पण सूट देऊन, आणि दोन्ही आपण वाटतो आहोत.

दुसऱ्या खेपेला पिपही खूश, उघडणंही झालं. सुपरवायझरनी चहा मागवला. मी साचा निवडून सुरू केलं आणि पायथनची खिडकी नाहीशी झाली. एक अक्षर न बोलता. परत केलं, परत तेच. "आगल्ल री सर," ते म्हणाले. होत नाही हो. चहा मात्र आला, तो प्यालो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मरणाचं कारण लिहिलेलं होतं, शेवटी 1डी असलेला एक कोड. अर्थ: प्रोसेसरला न कळणारी आज्ञा दिली गेली. फौंड्रीचा कॉम्प्युटर 2012 चा. माझा लॅपटॉप नवा. गुणाकार आणि बेरीज एका झटक्यात करणारी एफएमए आज्ञा इंटेलमध्ये 2013 च्या हॅसवेलपासून आली, आणि ओपनब्लासनं 'तुमचा प्रोसेसर ओळखला' म्हणत तीच भरभरून वापरली होती.

इथं मला वडिलांची पट्टी आठवली. माझे वडील याच उद्यमबागेत पॅटर्नमेकर, म्हणजे साचा काढायचा नमुना करणारे, होते. त्यांच्या पेटीत एक पोलादी पट्टी असायची, तिला हात लावायचा नाही अशी ताकीद. पाचवी-सहावीत मी ती गुपचूप शाळेत नेली, तिनं वहीत चौकट आखली आणि बाईंनी वहीवर लाल शेरा मारला, माप चुकलं. बीड थंड होताना फुटामागं साधारण अष्टमांश इंच आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा फूट मुळातच तेवढा लांब आखलेला असतो. दिसायला साधी पट्टी, वर बारापर्यंत आकडे. ओतकामासाठी ती बिनचूक. वहीसाठी खोटी.

ओपनब्लास परत बांधलं, या वेळी डायनॅमिक आर्च हा पर्याय देऊन. मग ते एकाच प्रोसेसरपुरतं बांधत नाही. जुन्या-नव्या अनेक प्रोसेसरांचे गाभे सगळे आत ठेवतं आणि चालू होताना समोर कोण आहे ते बघून त्यातला एक निवडतं. फाईल दुपटीहून जास्त फुगली. बांधायला दहा मिनिटांच्या जागी तासभर. पाऊण तास झाला तोवर करंट गेला, लॅपटॉपची बॅटरी जुनी, तिनंही साथ सोडली. मेक जिथं थांबलं तिथून पुढं घेतं म्हणतात, पण अर्धवट लिहिलेली एखादी फाईल तशीच राहिली तर? सगळं पुसून पहिल्यापासून केलं.

नेऊन बघितलं तर परत खिडकी नाहीशी. तोच कोड.

त्या दिवशी मी खरंच वैतागलो. सरांकडं गेलो, म्हटलं माझ्या मशीनवर तर चालतंय. सर पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तुझ्या मशीनवर चालतंय हे मला सांगू नको. तिसऱ्या गेटाच्या पलीकडं चाललं पाहिजे."

ओपनब्लास या वेळी निर्दोष होतं. माझ्याच मेसनच्या फाईलीत, सरांचा कोड जोरात पळावा म्हणून मी कधीतरी कंपायलरचा 'मार्च बरोबर नेटिव्ह' हा पर्याय घातला होता. नेटिव्ह म्हणजे ज्या मशीनवर बांधतोय ते. म्हणजे वाड्याचा दरवाजा दुरुस्त केला आणि मागची खिडकी उघडीच. तो एक शब्द काढला. वेगात मोजण्याइतकाही फरक पडला नाही, कारण वेळ सगळा ओपनब्लासमध्येच जात होता. त्यानंतर मी एक नियम केला: लॅपटॉपवर एक कोरं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या नकली कॉम्प्युटरमध्ये, ठेवायचं, ज्यात मी कधीच काही कॉपी केलेलं नाही, आणि फाईल आधी तिथं बसवून बघायची. अर्थात प्रोसेसर तोच राहतो, त्यामुळं दुसरा दोष तिथं दिसला नसता. त्यासाठी भाच्याचा जुना डेस्कटॉप उचलून आणला.

चौथ्या खेपेला चाललं. दोन मिनिटांच्या कामाला तिथं पाच मिनिटं लागली, तरी चाललं. सुपरवायझर काही वेळ रंगीत चित्र बघत राहिले, मग बोट ठेवून म्हणाले, इथंच येतंय आमचं श्रिंकेज, आकसून होणारी पोकळी. "आयतु री." झालं हो.

मला वाटलं, झालं. दुसऱ्या फौंड्रीत तीच फाईल नेली तर बिडाच्या गुणधर्मांची फाईल उघडत नाही म्हणून अडलं. फाईल जागेवर होती. हा सगळ्यात बेळगावी दोष म्हणावा लागेल. त्या कॉम्प्युटरवर वापरकर्त्याचं नाव कानडी लिपीत होतं, त्यामुळं ज्या फोल्डरात सगळं बसलं त्याच्या पत्त्यात कानडी अक्षरं. जीफोर्ट्रान विंडोजवर फाईल उघडताना जुन्या एकबाइटी पद्धतीनं नाव पाठवतं, आणि त्या पद्धतीत कानडीला जागाच नाही. प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. तिथले मालक मराठी, जरा खवचट. म्हणाले, "मग मराठीत नाव घालून बघूया की." गंमत म्हणून घातलं. देवनागरीचीही तीच प्रश्नचिन्हं. 1956 पासून इथं पाट्यांवरून काय काय झालं. फोर्ट्राननं दोघांनाही एकाच दारात उभं केलं.

फाईल वाचायचं काम फोर्ट्रानकडून काढून पायथनकडं दिलं. पायथनला सगळ्या लिप्या चालतात. ते आकडे वाचून थेट फोर्ट्रानच्या हातात देतं. त्याच झपाट्यात कोडमध्ये जागोजाग लिहिलेले दोन-तीन स्थिरांकही मी तिकडं हलवले, म्हणजे बदलायला सोपे.

गणपतीनंतर सरांकडं छापील उत्तरं घेऊन गेलो. त्यांनी गठ्ठा उघडला, पेन्सिल घेतली आणि 400 आकडे एकेक करून ताडायला बसले. मी म्हटलं, हे कॉम्प्युटरच करेल. त्यांनी मान वर केली नाही. पाऊण तासानं एका आकड्याभोवती गोल केला. गठ्ठ्यात 1147.36, माझ्याकडं 1147.37. बाकी 399 तंतोतंत.

"हे काय?"

घरी येऊन शोधलं. सरांनी कालाचा टप्पा कोडमध्ये 0.1 असा लिहिला होता, शेवटी दुहेरी अचूकतेची खूण नाही. तसा लिहिला की फोर्ट्रान तो एकेरी अचूकतेत घेतं, आणि तो होतो 0.1000000015 च्या आसपास. घनतेचा 7.2 तसाच. मी ते पायथनकडं हलवले, तिथं ते दुहेरी झाले. फरक इतका बारीक की 399 ठिकाणी दुसऱ्या दशांशापर्यंत पोचलाच नाही, एका ठिकाणी मात्र काठावर उभा असलेला आकडा पलीकडं पडला.

सांगितल्यावर सर थोडा वेळ गप्प बसले. मग गठ्ठ्यावरच्या त्या गोलाशेजारी बारीक अक्षरात 7 लिहिलं, खाली तारीख घातली आणि कागदाची घडी जशी होती तशी केली.

"निपाणीजवळच्या वर्कशॉपवाल्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

तिथं विंडोज 7 आहे. त्यावर पायथन 3.8 च्या पुढं काही चालत नाही, नमपाय 1.24 च्या पुढं नाही, आणि माझी व्हील 3.12 ची. वेगळी बांधावी लागेल. पुढच्या रविवारी बसतो, म्हटलं.

"ओळी मोजून बघ," सर म्हणाले.